मंगळवारची बाई

९ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी फोन वाजला तेव्हा मी सातव्या मजल्याच्या उंचीवर खड्ड्यात लटकलेला होतो. लिफ्ट बसवणाऱ्याचं काम असंच. इमारतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक अंधारी पोकळी, आम्ही तिला खड्डाच म्हणतो. तिच्यात फळ्यांवर उभं राहून लोखंडी रूळ ठोकायचे, म्हणजे पुढे मोठ्या लोकांचा डबा त्यांवरून झुळझुळ वरखाली जाईल. एका हातात पाना होता. दुसऱ्या हाताने फोन उचलला.

एक बाई होती. म्हणाली, "नमस्कार. तुम्ही बाबा होणार आहात."

मी विचारलं, कोण बोलतंय. बाई थांबेचना. पाचवा महिना, बाळाची हालचाल, आईचा आहार, आपलं घडाघडा चाललंय. मी पुन्हा विचारलं, तरी तेच. मग डोक्यात उजेड पडला की ही बाई खरी नाही, आवाज भरून ठेवलाय. सरकारी दवाखान्याची मोहीम आहे म्हणे. बायको गरोदर असली की नवऱ्याला दर मंगळवारी फोन. ऐकलं तर एक दाबा, परत ऐकायचं तर दोन दाबा, नंतर त्याच नंबरवर उलटा फोन लावला तरी चालतं. लागोपाठ तीनदा काहीच दाबलं नाही तर फोन बंद.

माझ्या फोनचा बिघाड असा की तो कायम मोठ्यानेच बोलतो. त्यात खड्ड्यात आवाज घुमतो. मी बाबा होणार हे तळघरापासून गच्चीपर्यंत प्लंबर, सुतार, रंगारी सगळ्यांनी ऐकलं. खाली माझा जोडीदार होता. त्याच्या आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याने लगेच बोंब ठोकली, "बाबा, खाली या, दूध गरम झालंय."

माझा नंबर त्यांना कुणी दिला कोण जाणे. दवाखान्यात बायकोला आई नेते आणि घरात फोन एकच, तोही आईचा. चुकून लिहिला गेला असणार.

पण मी एक दाबला. का दाबला ते इथे लिहून ठेवतो. गेल्या वर्षी आमचं पहिलं सातव्या महिन्यात गेलं. मला कळवलं आठवड्याने. तोपर्यंत मी इथे रोज रूळ ठोकत होतो, हसत होतो, एकदा तर सिनेमाही बघून आलो. आईला विचारलं तर म्हणाली, "तुला सांगून काय होणार होतं? इतक्या लांबून येऊन तू काय करणार होतास?" पण या वेळी मला आधी कळलं पाहिजे. मग घरात कुणाला आवडो न आवडो.

१६ जानेवारी

फोरमनशी भांडण झालं. आमच्या फोरमनला आम्ही पाठीमागे ओळंबा म्हणतो. दोरीला लोंबणाऱ्या शिशासारखा सरळ उभा राहतो आणि दुसऱ्याचं वाकडं तेवढं दाखवतो. त्याने नियम काढलाय की खड्ड्यात उतरताना सगळ्यांनी फोन हत्यारांच्या पेटीत ठेवायचे. दुसऱ्या कामावर कुणाचा तरी फोन वरून पडला आणि खालच्याचं खांद्याचं हाड मोडलं म्हणे. असेलही. पण मंगळवारी सकाळी मी खड्ड्यात आणि बाई पेटीत, असं कसं चालेल?

मी म्हटलं, मंगळवारी मी वर येणार. तो म्हणाला, "ये की. मग परत उतरू नकोस." मी म्हटलं, नाही उतरत. पाना खाली ठेवला आणि बसलो. भोंग्याने मध्ये पडून समजावलं. शेवटी ओळंबा वैतागून म्हणाला की मी खालीच असतो, मी उचलीन, मीच दाबीन तुझा एक, पण तू कामाला लाग.

म्हणजे बाबा होणार मी आणि फोन ऐकणार ओळंबा. पण फोन बंद पडण्यापेक्षा बरं. शिवाय जिंकलो तर मीच.

३० जानेवारी

आता हे रोजचं होऊन बसलंय, म्हणजे मंगळवारचं. जेवायला बसलो की ओळंबा डबा उघडायच्या आधी घसा साफ करतो आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगतो. लोहाच्या गोळ्या रोज घ्यायच्या, चहाबरोबर नाही. डाव्या कुशीवर निजायचं. जड उचलायचं नाही. पोरं हसतात. रंगाऱ्याने विचारलं, तुमचा कितवा महिना दादा. ओळंब्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो उठून दुसरीकडे बसला.

संध्याकाळी घरी फोन केला. नेहमीसारखा आईने उचलला, नेहमीसारखी आधी गावभरची खबर दिली, मग बायकोला दिला. आई शेजारीच उभी असते, तिच्या बांगड्यांचा आवाज येतो. बायको काही बोलतच नाही. बरंय. हो. नाही. खाल्लं. मी इतक्या लांबून पैसे घालून फोन करतो तर हिच्या तोंडातून शब्द ओढून काढावे लागतात. एवढंच मात्र विचारते, "मंगळवारी बाई काय म्हणाल्या?" माझी परीक्षा घेते. मी सगळं सांगितलं, गोळ्या, कूस, जड उचलणं. ती म्हणाली, "हे जरा आईंनापण सांगता का?"

आईने फोन घेतला. पहिला प्रश्न, "कोण रे ही मंगळवारची बाई?"

तिला समजावता समजावता नाकी नऊ आले. भरलेला आवाज ही गोष्ट तिला पटेना. म्हणाली, मंगळवारच्या मंगळवार फोन करते, गोड बोलते, आणि तू म्हणतोस की ती नाहीच? तुझे बाबाही एकदा असंच काहीतरी सांगत होते.

२० फेब्रुवारी

भोंग्याशी वाजलं. तो म्हणाला, बायकांच्या गोष्टी बायकांना करू द्याव्यात, आपण पैसे पाठवावेत, पुरुषाने त्यात नाक खुपसलं की घरात किंमत जाते. मी म्हटलं, माझी किंमत गेल्या वर्षीच कळली मला, आठवड्याने. मग मीच चिडून पुढे बोलत राहिलो. मी म्हटलं, हे रूळ बघ, केसभर हलले तर आपण सगळं उचकटून परत बसवतो, कारण त्यातून माणसं जाणार. आणि घरी माझंच माणूस येणार आहे तर मी विचारायचंसुद्धा नाही? का म्हणून?

तो म्हणाला, मी आपलं असंच म्हटलं. दुपारी मात्र ओळंब्याला हळूच विचारताना दिसला की ते कुशीचं काय होतं, डावी का उजवी. त्याच्याही घरी काहीतरी दिसतंय. मी बघितलं नाही असं दाखवलं.

घरून बातमी बरी आहे. आई आता तिला पाण्याच्या बादल्या उचलू देत नाही. आई म्हणते की ते तिने स्वतःहूनच ठरवलं, बाईचा काही संबंध नाही. ठरवू दे.

१३ मार्च

ओळंब्याने जेवताना सांगितलं की पुढच्या तपासणीला नवऱ्याने सोबत जावं असं बाई म्हणतेय. सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मी लगेच म्हटलं, मग द्या सुट्टी.

नाही म्हणाला. इमारत एप्रिलअखेर ताब्यात द्यायचीय, दोन लिफ्ट अजून लटकल्यात, एकही माणूस सोडणार नाही. मी म्हटलं, बाईचं तुम्हीच सांगता आणि तुम्हीच अडवता. तो म्हणाला, सांगणं माझं काम, पाठवणं नाही.

आईला कळवलं की नवव्या महिन्यात मी येणारच, नोकरी राहो न राहो. ती म्हणाली, "तू येऊन काय करणार? बाहेर बाकड्यावर बसणार. मी चार बाळंतपणं केली, तुझे बाबा एकालाही नव्हते, काही अडलं नाही." मी म्हटलं, चौघांतले दोघेच आहोत आम्ही. तिने फोन बायकोला दिला. बोलायला नको होतं, पण बोललो. खोटं नव्हतं.

१० एप्रिल, मंगळवार

आठवा संपत आला. आज बाईचा निरोप एवढाच, की डोकं दुखलं तर भरपूर पाणी प्यायला सांगा. ओळंब्याने सांगितलं आणि लगेच कामाला पिटाळलं. वर छिद्र पाडायचं मशीन दिवसभर चालू होतं, कानठळ्या बसल्यात.

बरं झालं, कारण बायको म्हणालीच की कालपासून डोकं दुखतंय. मी म्हटलं, बघ, बाईला आधीच माहीत. भरपूर पाणी पी. ती म्हणाली, पीतेय. मग विचारलं, "डोळ्यांचं काही म्हणाल्या का त्या?"

मी म्हटलं, नाही, डोळ्यांचं कुठे आलं मध्येच. ती म्हणाली, बरं.

११ एप्रिल

आज तिने आपणहून विषय काढला. म्हणाली, पलीकडच्या घरात एक गरोदर आहे, तिला म्हणे सगळं धुरकट दिसतं, दिव्याभोवती कडं दिसतं, आणि अंगठी बोटातून निघत नाही इतके हात सुजलेत. मी म्हटलं, तिला चष्मा लागला असेल. बायको हसलीसुद्धा नाही. मी विचारलं, तुझं डोकं? म्हणाली, आहे. मागून आईचा आवाज आला, या दिवसांत एवढं तेवढं दुखायचंच, फोन ठेव आता, बिल उठतंय.

पलीकडच्या घरात तर दोघं म्हातारा-म्हातारी राहतात. सून आली असेल बहुतेक. मला कुणी काही सांगतच नाही.

१३ एप्रिल, शुक्रवार

गावाकडच्या गाडीत बसलोय. 

सकाळपासून तो डोळ्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. पाना चुकीच्या नटावर चढवला तेव्हा ओळंब्याने आईवरून सुनावलं. जेवणाच्या सुट्टीत पेटीतून फोन काढला, बाईचा नंबर लावला आणि दोन दाबला. परत ऐकण्यासाठी दोन. इतक्या महिन्यांत एकदाही दाबला नव्हता.

बाई म्हणाली, "बाळाच्या आईला भरपूर पाणी प्यायला सांगा. पण सतत डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे धुरकट दिसत असेल, चेहरा किंवा हात सुजले असतील, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असू शकतो."

मी परत दोन दाबला. परत तेच. खड्ड्याच्या तोंडाशी उभा होतो, त्यामुळे सगळ्या इमारतीने ऐकलं. या वेळी कुणी बोंब ठोकली नाही.

ओळंबा जिन्यावरून आला. म्हणाला, "मशीन चालू होतं रे. मला पाणी आणि डोकं एवढंच ऐकू आलं." मी पाठ फिरवली. थांबलो असतो तर हात उचलला गेला असता.

आईला फोन लावला. म्हटलं, तिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने. आई म्हणाली, सोमवारी तपासणी आहेच, तेव्हा नेते. मी म्हटलं, आत्ता. ती म्हणाली, "ती बाई येणार आहे का बाळंतपण करायला? माझ्या घरात ती कोण सांगणारी?"

मी म्हटलं, "ती कोणी नाही. मी सांगतोय."

तिने फोन ठेवला. मी मेव्हण्याला लावला. बायकोचा भाऊ, टेम्पो चालवतो, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याला मी आजवर कधी काही मागितलं नाही. माझ्या आईला न विचारता माझ्या घरून तिला उचलून ने, असं सांगणं म्हणजे आईच्या तोंडावर दार आपटणंच. सांगितलं. तो म्हणाला, भाऊजी, तुमच्या आईंशी कोण बोलणार? मी म्हटलं, शिव्या माझ्या नावावर लिही, तू फक्त गाडी काढ.

मग कपडे भरले. ओळंबा म्हणाला, गेलास तर जागा राहील याची हमी मी देणार नाही. मी म्हटलं, देऊ नका. भोंगा स्टँडपर्यंत माझी पिशवी घेऊन आला, सबंध रस्ता एक शब्द नाही. त्याला इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच बघितलं.

१४ एप्रिल

मेव्हण्याचा फोन. रक्तदाब भयानक वाढलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी काढला असता तर झटके आले असते. ठेवून घेतलंय. आईही टेम्पोत बसून गेली आहे, पुढे नाही, मागे सामानाच्या जागेत, तिचं डोकं मांडीवर घेऊन. माझ्याशी बोलायचं नाही म्हणाली.

मी म्हटलं, ती पलीकडच्या घरातली गरोदर, तिलाही बघायला सांग. मेव्हणा म्हणाला, कोण?

१५ एप्रिल

पोचलो. बायकांच्या वॉर्डाच्या दारावर मोठं चित्र लावलंय. त्यात एक पुरुष बायकोच्या खांद्यावर हात ठेवून हसतोय आणि खाली लिहिलंय की बाळंतपणात बाबांची साथ हवी. चित्राच्या खालीच स्टूल टाकून वॉचमन बसलाय. म्हणाला, पुरुषांना आत जायला मनाई.

मी चित्राकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ते चित्र आहे.

मी म्हटलं, दर मंगळवारी तुमची बाई मला फोन करून बोलावते, सोबत राहा म्हणते, आता आलोय तर सोडा. त्याने आतल्या नर्सबाईंना हाक मारली. त्यांना कसला फोन तेच माहीत नव्हतं. ते दुसऱ्या खात्याचं असेल म्हणाल्या, इथे त्यातलं काही नसतं, गर्दी होते, बाकीच्या बायकांना अवघडल्यासारखं होतं. मी म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करून बसतो. हसल्या, पण सोडलं नाही.

मग मी दारातच बसलो, जमिनीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय उचलून जावं लागत होतं. वॉचमनने उठ म्हटलं. मी म्हटलं, उचला. मी दिवसभर लोखंड उचलतो, तुमच्याने उचलणार नाही. शेवटी नर्सबाईंनीच सांगितलं, जा, भेटून या, पण लगेच बाहेर.

बायकोचा चेहरा ओळखू येईना इतका सुजलेला. तिने माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. म्हणाली, "तुम्हीच ना?"

१६ एप्रिल

ऑपरेशन झालं. मुलगी. वेळेच्या आधी आली, फार लहान आहे, पण रडली. बाहेर येऊन नर्सबाईंनी आईला आधी सांगितलं आणि मग मला, पण त्याच श्वासात. मला आठवडा लागला नाही.

१८ एप्रिल

तिचा रक्तदाब अजून वरच आहे, बसायला परवानगी नाही. पण आज सूज उतरलीये, डोळे उघडून नीट बघते. नर्सबाईंनी पाच मिनिटं आत सोडलं, आई कपडे धुवायला गेली होती, म्हणून आम्ही दोघंच. किती महिन्यांनी मधे फोन नाही आणि बांगड्या नाहीत. मी म्हटलं, नशीब बघ, कुणाच्या तरी चुकीने माझा नंबर त्यांच्याकडे गेला म्हणून हे सगळं झालं, नाहीतर बाईचा फोन आईला गेला असता. ती छताकडे बघत हसली. अशक्त आहे अजून.

१९ एप्रिल

ओळंब्याचा फोन आला. सोमवारी ये, नाहीतर दुसरा माणूस बघतो म्हणाला. मी म्हटलं, बघा. मग तो म्हणाला, पोरगी किती किलोची आहे? सांगितलं, दोनाच्याही आत. म्हणाला, खूप कमी. मग म्हणाला, या मंगळवारी भोंग्याचाही फोन पेटीत नव्हता, तो वर बाहेर बसून बाईचं ऐकत होता, कोणी अडवलं नाही. आणि ठेवला.

दुपारी नर्सबाई बाहेर आल्या. इतक्या लहान बाळाला माणसाच्या अंगाची ऊब लागते म्हणाल्या. उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, तासन् तास धरायचं. आईला तर उठता येत नाही. मग कोण? माझी आई पुढे सरली. नर्सबाईंनी तिच्याकडे बघितलं, तिला दोन दिवस खोकला आहे. म्हणाल्या, "तुम्हाला नको. बाप आहे ना? बापाला बोलवा."

वॉचमनने मला आत सोडलं, पण तोंड असं केलं की जणू त्याच्या खिशातून जातोय.

वॉर्डात सगळ्या बायका. मी शर्टाची बटणं काढली तेव्हा दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावून हसणं दाबलं, एक म्हातारी म्हणाली आता काय काय बघायचं बाई. लाज वाटली. कान तापले. पण नर्सबाईंनी मुलगी माझ्या छातीवर ठेवली, टोपी घातलेली, बेडकासारखे पाय दुमडून, आणि वरून कापड बांधलं. तिचं वजन जाणवेना, नुसती ऊब. मी श्वास घेतला की ती वर जायची, सोडला की खाली. मी हललो नाही. लोखंड उचलून उचलून भरलेले माझे खांदे, त्यांना वाटलं आपण काही अवजड धरलंय.

भेटीची वेळ संपली. वॉचमन फिरत आला. पुरुषांनी बाहेर व्हा. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तो खाटेजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, तुम्हाला सांगतोय.

मी म्हटलं, ऐकलं.

तो आवाज चढवणार तेवढ्यात कोपऱ्यातून आई उठली. पाच दिवस माझ्याशी बोललेली नाही, अजूनही बोलली नाही. त्याला म्हणाली, "दिसत नाही का? मूल निजलंय त्याच्या अंगावर. हळू बोला, नाहीतर तुम्ही बाहेर व्हा."

तो दारापर्यंत मागे सरकला आणि तिथेच उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. मी शर्टाचं एक बटणही लावलं नाही.